डोक्यातली धावपळ थांबत नाही? नागपूरकर नवशिक्यांसाठी अंग-मन सैल करण्याची साधी पद्धत

दिवा मालवला की ज्यांच्या डोक्यात खरा दिवस सुरू होतो, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी इतवारीतल्या काही दुकानांचे जीएसटीचे हिशेब बघते. महिन्याची ११ आणि २० तारीख जवळ आली की रात्री आकडे डोळ्यांपुढून हलायचे नाहीत. भेटेल तो सांगायचा, "ताई, टेन्शन नका घेऊ." ते न घेण्यासाठी नेमकं काय करायचं, हे मात्र तुकड्यातुकड्यानं, इथून तिथून शिकावं लागलं. तुम्हाला तेवढं फिरावं लागू नये म्हणून सगळं एका ठिकाणी, क्रमानं देते.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. मनाला "शांत हो" म्हटलं तर ते ऐकत नाही. अंग मात्र ऐकतं. काळजी वाटली की शरीर धोका समोर असल्यासारखं वागतं: छाती धडधडते, श्वास वरवरचा होतो, खांदे वर चढतात, जबडा आवळला जातो. हृदयाला "हळू चाल" असा हुकूम आपण देऊ शकत नाही. पण स्नायू सैल सोडणं आणि श्वास सावकाश सोडणं या दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. त्या केल्या की मेंदूकडे धोका टळल्याचा निरोप जातो, मग धडधड उतरते आणि विचारांचा वेगही कमी होतो. म्हणून सुरुवात अंगापासून करायची आणि मनाकडे शेवटी यायचं.

काय काय लागेल

- सतरंजी किंवा चटई. पलंगावरची मऊ गादी दिवसाच्या सरावाला नको, तिच्यावर झोप लागते.
- डोक्याखाली पातळ उशी. कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली गुंडाळलेली चादर किंवा लोड.
- पांघरायला पातळ चादर, अगदी उन्हाळ्यातही. अंग सैल पडलं की थंडी वाजायला लागते, आणि समोर कूलर असेल तर आणखीनच.
- वही आणि पेन.
- हळू आवाजाचा गजर. मोबाईलवर लावणार असाल तर आधी तो फ्लाइट मोडवर टाका.

चष्मा, मनगटावरचं घड्याळ, पट्टा काढून ठेवायचा. पैसे भरून घ्यायचं कुठलंही ॲप लागत नाही.

१. वेळ आणि जागा आधी ठरवा

रोज वीस मिनिटं लागतात. "सवड मिळाली की करीन" म्हटलं तर ती मिळत नाही, म्हणून वेळ दुसऱ्या एखाद्या नेहमीच्या गोष्टीला बांधून टाका. कामावरून आल्यावर हातपाय धुतले की लगेच, संध्याकाळच्या दिवाबत्तीनंतर, किंवा पहाटे चहाच्या आधी. चहाच्या आधी हे मुद्दाम सांगते. चहा-कॉफीतलं कॅफिन शरीरातून अर्धं उतरायलाच साधारण पाच तास घेतं. संध्याकाळी सहाचा कडक चहा रात्री अकरालाही अंगात असतो, आणि झोप न येण्याचा दोष आपण विचारांना देत बसतो. पोटभर जेवणानंतर दोन तास जाऊ द्या. सावजी रस्सा खाऊन लगेच आडवं पडलं तर छातीतली जळजळ सोडून दुसऱ्या कशाकडे लक्ष जाणार नाही.

नागपुरात ऋतूप्रमाणे जागा बदलावी लागते. मार्चपर्यंत पहाटेची गच्ची फार छान. एप्रिलपासून, आणि नवतपात तर नक्कीच, घरातली सगळ्यांत गार खोली निवडा. पारा पंचेचाळिसावर असताना अंगातलं पाणी कमी पडलं तर नुसत्या त्यानंही छाती धडधडते आणि ती घबराट वाटते. म्हणून आधी पाणी किंवा ताक प्या, पंधरा मिनिटं थांबा, मग सुरू करा. कूलरच्या घरघरीला घाबरू नका. एकसारखा आवाज उलट मदतच करतो, बाहेरचे हॉर्न झाकून टाकतो. फक्त त्याचा झोत मानेवर घेऊ नका, स्नायू आखडतात. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दमट दिवसांत कूलर बंद ठेवून पंखा पुरतो.

घरच्यांना स्पष्ट सांगून ठेवा. दार लोटून कुणी "अगं, गॅसचा नंबर लावला का?" विचारलं की सैल झालेलं अंग एका क्षणात परत ताठ होतं. वीस मिनिटं हाक मारायची नाही, एवढंच सांगायचं. पहिले चार दिवस लोक विसरतात, नंतर सवय होते.

२. डोक्यातलं आधी कागदावर उतरवा

तीन-चार मिनिटं पुरे. उद्याची कामं, राहिलेले फोन, मनाला टोचलेलं बोलणं, जे येईल ते एका ओळीत एक असं लिहा. उपाय शोधायचा नाही. लिहून ठेवलेली गोष्ट विसरण्याची भीती राहत नाही, म्हणून मन ती पुन्हापुन्हा आठवून द्यायचं कमी करतं. वही मिटून बाजूला ठेवा.

३. एकेक स्नायू आवळा आणि सोडा

हा सगळ्या पद्धतीचा कणा आहे. अमेरिकेतले डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२० च्या दशकात शिकागोत ही पद्धत बसवली. त्यांचं म्हणणं असं की स्नायू खरोखर सैल असताना चिंता पूर्ण जोरात टिकत नाही. पण बहुतेकांना आपले स्नायू ताठ आहेत हेच कळत नाही, म्हणून आधी ताण ओळखायला शिकायचं. त्यांची मूळ पद्धत फार लांबलचक होती, पुढच्या डॉक्टरांनी ती आटोपशीर केली. आपण त्याच आटोपशीर रूपातलं करणार आहोत.

पाठीवर झोपा. पाय थोडे फाकलेले, हात अंगापासून जरा दूर, तळवे वर. शवासनच म्हणा. डोळे मिटा.

उजव्या हातापासून सुरू करा. मूठ आवळा, पण जीव खाऊन नाही, निम्म्या जोरानं. पाच ते सात सेकंद तशीच ठेवा. मनगटापासून कोपरापर्यंत एक ओढ चढत जाते, बोटांच्या पेरांवर दाब येतो, अंगठा किंचित थरथरतो. हे सगळं नीट बघा. मग मूठ एकदम सोडा, हळूहळू नाही. बोटं अर्धवट वळलेली राहतील, ती सरळ करायला जाऊ नका. अर्धा मिनिट काहीच करायचं नाही. तळव्यात ऊब आल्यासारखी वाटेल, थोडी झिणझिण येईल, हात जड होऊन सतरंजीवर टेकेल. आता डाव्या हाताकडे लक्ष न्या. तो अजून "तयार" असतो, मघाचा उजवा हातही तसाच होता. हा फरक एकदा कळला की अर्धी विद्या आली.

मग याच पद्धतीनं, पाच-सात सेकंद आवळून अर्धा मिनिट सोडत, पुढच्या क्रमानं जा:

- डावी मूठ
- दोन्ही दंड (कोपरात वाकवून)
- कपाळ (भुवया वर ताणून)
- डोळे (घट्ट मिटून, कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर आधी काढा)
- जबडा
- खांदे (कानांकडे उचलून)
- छाती (खोल श्वास घेऊन क्षणभर थांबून)
- पोट (आत ओढून)
- मांड्या
- पोटऱ्या (पायाची बोटं स्वतःकडे ओढून)
- पावलं

जबड्यावर जास्त वेळ द्या. आत्ता हे वाचतानाच बघा, तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांवर टेकलेत का? चावत किंवा गिळत नसताना दातांमध्ये बारीक फट हवी: ओठ मिटलेले, दात सुटे. काळजी करणाऱ्या माणसाचे दात दिवसभर टेकलेले असतात, म्हणून संध्याकाळी कानशिलं ठणकतात. सरावात दात हलके दाबून सोडा आणि खालचा जबडा आपल्या वजनानं लोंबू द्या. मान आवळायची नाही, ती खांद्यांबरोबर आपोआप सुटते.

पोटऱ्या आणि पावलांना फार जोर लावलात तर गोळा येतो. आला तर थांबा, पाऊल हातानं स्वतःकडे ओढा, उतरला की पुढे जा. जिथे दुखापत आहे, ऑपरेशन झालं आहे किंवा सांध्याला सूज आहे, तो भाग आवळूच नका. नुसतं तिथे लक्ष नेऊन "सोड" म्हणा. रक्तदाब वाढलेला असेल तर आवळताना श्वास कोंडून धरू नका, छातीची पायरी गाळली तरी चालेल. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत पाठीवर न झोपता डाव्या कुशीवर झोपून करा, आणि आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

४. श्वास सोडायला जास्त वेळ द्या

अंग सैल झालं की एक हात पोटावर ठेवा. नाकानं चार मोजेपर्यंत श्वास घ्या, सहा मोजेपर्यंत सोडा. हात वर-खाली व्हायला हवा, छाती जवळपास स्थिर. असं मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, हा शरीराचा नियमच आहे. म्हणून लांब उच्छ्वासाचा उपयोग होतो.

चार-सहा जड वाटलं तर तीन-चार करा. इथे आकडा महत्त्वाचा नाही, सोडणं घेण्यापेक्षा लांब हवं एवढंच. बरेच जण "दीर्घ श्वास" म्हणजे भराभर छाती फुगवणं समजतात. तसं केलं की ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, चक्कर येते, आणि घाबरलेला माणूस आणखी घाबरतो. मुंग्या आल्या तर मोजणं सोडा, नेहमीसारखा श्वास घ्या, दोन मिनिटांत ठीक होतं. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी श्वास रोखून धरण्याचे प्रकार स्वतःच्या मनानं करू नयेत.

५. मनाला धरायला एक शब्द द्या

आता उरलेली पाच-सात मिनिटं. प्रत्येक उच्छ्वासाबरोबर एक छोटा शब्द मनात म्हणायचा. विठ्ठल, ओम, बुद्धं, अल्ला, शांत, किंवा नुसतं "एक". हार्वर्डचे हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी १९७० च्या दशकात ध्यान करणाऱ्यांचा श्वास, नाडी, प्राणवायूचा वापर मोजला. त्यांचा निष्कर्ष असा होता की ही शांती कुठल्याही शब्दानं येते. लागतात त्या दोनच गोष्टी, एकाच शब्दाची आवृत्ती आणि आलेल्या विचारांशी न भांडणं.

दुसरी गोष्ट कठीण, आणि तिथेच बहुतेक लोक सोडून देतात. "माझं मन रिकामंच होत नाही" ही तक्रार मी सगळ्यांत जास्त ऐकते. रिकामं करायचं नाहीच आहे. विचार येणार. फ्रीजमधलं दूध, साहेबांचा मेसेज, पोरीची फी. लक्षात आलं की "बरं" म्हणायचं आणि शब्दावर परत यायचं. पाच मिनिटांत चाळीस वेळा परत आलात तर चाळीस वेळा सराव झाला. हे परत येणं हाच व्यायाम आहे. न भरकटणाऱ्या माणसाला तो करताच येणार नाही.

६. उठताना घाई नको

बोटं हलवा, आळस द्या, कुशीवर वळा, हाताच्या आधारानं बसा. मिनिटभर बसून मगच उभे राहा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर झटकन उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. मोबाईल लगेच उघडू नका.

७. दिवसभरात पेरा

दोन आठवडे वरचं केलंत की अंगाला "सोडणं" माहीत होतं, आणि मग ते कुठेही दहा सेकंदांत करता येतं. व्हरायटी चौकातल्या सिग्नलला गाडीच्या हँडलवरची पकड बघा, ती गरजेपेक्षा घट्ट असते. पकड ढिली, खांदे खाली, दात सुटे, एक लांब उच्छ्वास. मेट्रोत सीताबर्डीला गाडी बदलताना सरकत्या जिन्यावर उभं राहून हेच करा. फोन उचलण्याआधी, रागाच्या मेसेजला उत्तर लिहिण्याआधी. डोळे मिटून करायचा लांब सराव मात्र गाडी चालवताना कधीही नाही.

लोक कुठे अडकतात

झोप लागते. शेजारच्या वहिनींचा मुलगा नीटची तयारी करतो. तो म्हणाला, "काकू, मी पोटऱ्यांपर्यंत पोचायच्या आधीच झोपतो." मी सांगितलं, "मग रात्री पडूनच कर, आणि दिवसा खुर्चीत बसून." झोप लागणं वाईट नाही, त्याला तिची गरज होती. पण शिकायचं असेल तर जागं राहावं लागतं.

घबराट वाढते. काही लोकांना सैल सोडलं की उलट अस्वस्थ वाटतं, ताबा सुटल्यासारखं. हे खरंच घडतं, त्यात तुमचं काही बिघडलेलं नाही. डोळे उघडे ठेवा, बसून करा, वीसऐवजी तीन मिनिटं करा, नुसत्या हातांपासून सुरुवात करा. तरी वाढत असेल तर एकट्यानं रेटू नका, तज्ज्ञांना भेटा.

फक्त त्रास असतानाच करतात. पोहणं बुडायला लागल्यावर शिकता येत नाही. बऱ्या दिवशी सराव केलात तर वाईट दिवशी तो हाताशी असतो.

तीन दिवसांत फरक दिसला नाही म्हणून सोडतात. मला पहिला फरक झोपेत दिसलाच नाही. दुपारच्या डोकेदुखीत दिसला, ती येईनाशी झाली. तुम्हालाही तो अनपेक्षित जागी दिसू शकतो, म्हणून वहीत रोज एक ओळ लिहा: झोप कशी, डोकं कसं, चिडचिड किती.

नागपुरात सोबत हवी असेल तर

एकट्यानं जमत नाही अशांना वर्ग बरा. रामनगरातलं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ कित्येक दशकं नागपूरकरांना योगासनं शिकवत आलं आहे. तिथे जाऊन आपल्या वस्तीजवळ कुठला वर्ग आहे ते विचारा. शवासन नीट शिकवणारा शिक्षक मिळाला तर सोडू नका.

नागपूरजवळ माहुरझरीला धम्म नाग हे विपश्यना केंद्र आहे. दहा दिवसांचं शिबिर, राहण्या-जेवणाचे पैसे नाहीत, जुन्या साधकांच्या दानावर चालतं. पण नवशिक्यांनी हे समजून जावं: दहा दिवस मौन, मोबाईल जमा करायचा, पहाटे चारला घंटा, दिवसात कित्येक तास बैठक. पहिले तीन दिवस तर फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा असतो. अर्जात तब्येतीबद्दल विचारतात, तिथे मानसिक आजार किंवा चालू गोळ्या लपवू नका. माझं मत विचाराल तर आधी घरी महिनाभर वीस मिनिटं करून बघा, मग अर्ज करा.

नुसतं शांत बसायचं असेल तर पहाटे सेमिनरी हिल्सवरचं जपानी गार्डन, अंबाझरीचा काठ, किंवा दिवसा कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहार. दीक्षाभूमीच्या स्तूपात एरवीच्या दिवशी सकाळी बसलं तर बाहेरच्या रस्त्याचा आवाज असूनही मन बसतं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत मात्र सरावाची अपेक्षा ठेवू नका, त्या दिवसाचं मोल वेगळं आहे.

डॉक्टरांकडे कधी जायचं

शिथिलीकरण हा औषधाचा पर्याय नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक किंवा काम बिघडलं असेल, अचानक धडधडून जीव जाईल असं वाटत असेल, दारूशिवाय झोप येत नसेल, तर दाखवा. थायरॉइड जास्त असला किंवा रक्त कमी असलं तरी धडधड आणि बेचैनी होते, ते साध्या रक्ततपासणीत कळतं. छातीत दुखून घाम फुटत असेल तर श्वास मोजत बसू नका, सरळ इस्पितळ गाठा. जगणं नको वाटत असेल तर त्याच दिवशी घरच्या कुणाला सांगा आणि १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स आणि प्रादेशिक मनोरुग्णालय, चारही सरकारी ठिकाणी मानसोपचाराची सोय आहे. मनोरुग्णालयाच्या नावानं लोक बिचकतात, पण बाह्यरुग्ण विभागात दाखवून त्याच दिवशी घरी येता येतं. सकाळी लवकर पोचा आणि एवढं सोबत ठेवा:

- आधार कार्ड आणि चालू मोबाईल नंबर
- जुन्या चिठ्ठ्या आणि तपासण्यांचे कागद
- सध्या घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, आयुर्वेदिक-होमिओपॅथीसुद्धा
- रोज एक ओळ लिहिलेली वही
- शक्य असेल तर घरचं एक माणूस

सरावानं बरं वाटायला लागलं म्हणून चालू गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या एकदम तोडल्या तर त्रास उलटतो. कमी करायच्या असतील तर डॉक्टरांना वही दाखवा आणि विचारा. केसपेपर जपून ठेवा, पुढच्या खेपेला तोच लागतो.